प्रकाशित चूक आणि तिची दुरुस्ती : गांधी-वाङ्मयाच्या सुधारित आवृत्तीचे प्रकरण व संशोधन-नियतकालिकांपुढील प्रश्न

गोषवारा

प्रकाशित संशोधनात चूक आढळल्यास तिची दुरुस्ती कशी करावी, हा प्रश्न ज्ञानव्यवहाराच्या विश्वासार्हतेशी निगडित आहे. प्रस्तुत निबंधात महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाची सुधारित आवृत्ती, तिच्यावरील आक्षेप आणि २००५ मधील तिची माघार या प्रकरणाचा वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे. महाराष्ट्रातील इतिहास-संशोधनाने आणि पाठचिकित्सेने घालून दिलेल्या पद्धतीच्या पार्श्वभूमीवर हे प्रकरण तपासले असून, त्याआधारे संशोधन-नियतकालिकांच्या, विशेषतः महाविद्यालयीन नियतकालिकांच्या, जबाबदारीची चर्चा केली आहे. चूक पुसून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. मूळ मजकूर कायम ठेवून, कारण नोंदवून, उघडपणे केलेला बदल हीच खरी दुरुस्ती होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : शुद्धिपत्र, लेख मागे घेणे, पाठचिकित्सा, गांधी-वाङ्मय, सेवाग्राम, वाङ्मयचौर्य.

१. प्रस्तावना

संशोधनात चुका होतात. साधने अपुरी असतात, वाचन चुकते, नकलनवीस एखादी ओळ गाळतो, आकडा उलटा पडतो. काही वेळा चूक अजाणता होत नाही. दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून छापला जातो किंवा पुराव्यात फेरफार केला जातो. या दोन गोष्टींत नैतिकदृष्ट्या मोठे अंतर आहे. परंतु वाचकाच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम एकच असतो. छापलेला चुकीचा मजकूर खरा समजून पुढचा अभ्यासक त्यावर आपले अनुमान उभारतो, आणि त्या अनुमानावर तिसरा.

म्हणून प्रकाशनसंस्थेची जबाबदारी अंक छापून होताच संपत नाही. छापलेल्या मजकुरात दोष आढळल्यास तो वाचकाला कळवणे हा त्या जबाबदारीचा दुसरा भाग होय. हा भाग आपल्याकडे उपेक्षित राहिला आहे. लेख स्वीकारण्याचे नियम बहुतेक नियतकालिकांच्या मुखपृष्ठाच्या आतील बाजूस छापलेले असतात. छापलेला लेख दुरुस्त करण्याचे किंवा मागे घेण्याचे नियम क्वचितच आढळतात.

वर्धा जिल्ह्यातील अभ्यासकांना या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. गांधीजींच्या आयुष्यातील १९३४ ते १९४६ हा कालखंड प्रामुख्याने या जिल्ह्याशी जोडलेला आहे. त्या काळातील त्यांची पत्रे, लेख व निवेदने ज्या ग्रंथमालेतून अभ्यासकांपर्यंत पोहोचतात, त्याच मालेत एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशित चुकीच्या दुरुस्तीचा एक मोठा वाद उद्भवला. तो वाद नियतकालिकातील नव्हे, ग्रंथमालेतील होता. तथापि त्याचे निराकरण एका संशोधन-नियतकालिकातील लेखामुळे पुढे सरकले. त्यातून निघणारा बोध नियतकालिकांनाही तितकाच लागू पडतो.

२. महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

प्रकाशित चुकीची दुरुस्ती कशी करावी याचे काही उत्तम नमुने महाराष्ट्रातच घडले आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरी आणि त्यांवर विसंबून लिहिलेले इतिहास तपासायचे तर समकालीन अस्सल कागद जसेच्या तसे छापले पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती. कागद छापला की इतिहासकाराचे अनुमान तपासण्याचे साधन वाचकाच्या हाती येते. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हीच पद्धत आपल्या वृत्तांतून व पुढे त्रैमासिकातून चालवली.

शिवजन्मतिथीचा वाद हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी मंडळाच्या माध्यमातून जेधे शकावली प्रकाशित केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद होती. स. म. दिवेकर यांना तंजावर येथे सापडलेले कवींद्र परमानंदकृत ‘शिवभारत’ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने या तिथीला दुजोरा दिला. तरीही जदुनाथ सरकारांसारखे इतिहासकार १६२७ च्याच बाजूने राहिले. पुढे राज्य शासनाने १९६६ मध्ये समिती नेमली आणि अखेर २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत म्हणून स्वीकारली.

नवा पुरावा छापला गेल्यापासून शासकीय मान्यतेपर्यंत पंच्याऐंशी वर्षे गेली. हा विलंब थोडा नाही. परंतु या काळात काय घडले नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. १६२७ मानणारी पुस्तके कोणी गुपचूप बदलली नाहीत. जुन्या बखरींतील तिथ्या नव्या आवृत्त्यांत ‘सुधारून’ छापल्या गेल्या नाहीत. दोन्ही पक्षांचे पुरावे छापील स्वरूपात समोरासमोर राहिले. म्हणूनच आजचा विद्यार्थीही तो वाद पहिल्यापासून तपासून पाहू शकतो.

दुसरा नमुना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आहे. १९१९ मध्ये आरंभ झालेले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेले हे कार्य १२५९ हस्तलिखितांच्या आधारे झाले, असे सांगितले जाते. डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी १९२५ पासून १९४३ पर्यंत त्याचे प्रमुख संपादकत्व सांभाळले. या आवृत्तीत जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते फेकून दिले गेले नाहीत. ते तळटिपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या हस्तलिखितात आढळतात याच्या नोंदीसह छापले गेले. संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नाही, त्याला त्याच पानावर त्या निर्णयाविरुद्धचा पुरावा मिळतो. जर्मन अभ्यासक वाल्टर रुबेन यांनी या आवृत्तीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, तेव्हा सुखटणकरांनी संस्थेच्याच नियतकालिकात त्यांची नावानिशी चर्चा करून उत्तर दिले.

वरील दोन्ही उदाहरणांतून तीन तत्त्वे निघतात. पहिले, मूळ पाठ नष्ट करू नये. दुसरे, बदलाचे कारण व आधार नोंदवावा. तिसरे, आक्षेप आणि उत्तर दोन्ही उघड छापावे. गांधी-वाङ्मयाच्या सुधारित आवृत्तीचे मूल्यमापन याच तत्त्वांच्या आधारे करणे उचित ठरेल.

३. वर्धा आणि गांधी-वाङ्मयाची मूळ आवृत्ती

जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने गांधीजी वर्ध्यास आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाधर्म्य असल्याने टपालाचा घोटाळा होई. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले, ते पुन्हा परतले नाहीत.

या बारा वर्षांतील त्यांचे लेखन प्रचंड आहे. ‘हरिजन’ साप्ताहिकातील लेख, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेसंबंधीची चर्चा, काँग्रेस कार्यकारिणीच्या वर्धा येथील बैठकांतील मसुदे आणि गुजराती, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांतील हजारो पत्रे असा हा ऐवज आहे. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५६ मध्ये हाती घेतलेल्या इंग्रजी समग्र वाङ्मयात हा कालखंड साधारणपणे साठाव्या खंडापासून पंच्याऐंशीव्या खंडापर्यंत पसरला आहे.

या प्रकल्पाचे पहिले प्रमुख संपादक भारतन कुमारप्पा हे वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचेच कार्यकर्ते, जे. सी. कुमारप्पा यांचे बंधू. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. पहिला खंड १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. जयरामदास दौलतराम यांच्यानंतर १९६० मध्ये प्रा. के. स्वामिनाथन यांनी सूत्रे घेतली आणि सुमारे पाव शतक हे काम सांभाळले. १९९४ मध्ये शंभरावा खंड निघाला. नव्वद मुख्य खंड, नंतर मिळालेल्या साहित्याचे सात पुरवणी खंड, विषयसूची, व्यक्तिसूची आणि सर्व खंडांच्या प्रस्तावनांचा एक खंड अशी या मालेची रचना आहे.

स्वामिनाथन यांच्या संपादनाचे वैशिष्ट्य म्हणजे संपादकाचा हस्तक्षेप जेथे आहे तेथे तो दिसतो. ज्या पत्रावर तारीख नाही त्याची अनुमानित तारीख चौकटी कंसात दिलेली असते. प्रत्येक नोंदीखाली तिचा आधार असतो : छापील असेल तर नियतकालिकाचे नाव व दिनांक, हस्तलिखित असेल तर एस. एन., जी. एन. किंवा सी. डब्ल्यू. या अक्षरांनी सुरू होणारा संग्रह-क्रमांक. भाषांतर असेल तर मूळ भाषा सांगितलेली असते. नंतर सापडलेले साहित्य छापून झालेल्या खंडांत न घुसडता पुरवणी खंडांत दिले गेले. त्यामुळे अभ्यासकाची थोडी गैरसोय होते. एकाच आठवड्यातील दोन पत्रे दोन वेगळ्या खंडांत शोधावी लागतात. परंतु एकदा दिलेला खंड व पृष्ठ यांचा संदर्भ कायम राहतो.

अशा संपादनशिस्तीचे महत्त्व सेवाग्रामच्या नावावरूनच समजून घेता येईल. एखाद्या तारीख नसलेल्या पत्राच्या शीर्षस्थानी ‘सेगाव’ असेल, तर ते सामान्यतः १९४० च्या नामांतरापूर्वीचे ठरते. ‘सेवाग्राम’ असेल तर नंतरचे. समजा, एखाद्या सदिच्छ संपादकाने एकरूपतेसाठी सर्वत्र ‘सेवाग्राम’ केले, तर वाचन सुलभ होईल, पण पत्राचा काळ ठरवण्याचे साधन नाहीसे होईल. चूक वाटणाऱ्या गोष्टीतही पुरावा दडलेला असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

गांधीजींची स्वतःची भूमिकाही याच्याशी सुसंगत होती. २९ एप्रिल १९३३ च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी वाचकांना सुचवले होते की, एकाच विषयावरील त्यांच्या दोन लेखनांत विसंगती आढळल्यास नंतरचे लेखन ग्राह्य मानावे. या सूचनेत आधीचे लेखन काढून टाकण्याची अपेक्षा नाही. दोन्ही समोर असतील तरच निवड संभवते. दुधासंबंधीचे त्यांचे मत हे याचे उदाहरण आहे. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी दूध वर्ज्य मानले होते. स्वतःच्या आजारपणाच्या अनुभवानंतर त्यांना शेळीचे दूध स्वीकारावे लागले. आपल्या जुन्या मतावर विसंबून ज्यांनी दूध सोडले, त्यांनी लाभ होत नसल्यास हा प्रयोग चालू ठेवू नये, असे त्यांनी आत्मकथेत स्पष्ट सांगितले. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात त्यांनी आरोग्यावर नव्याने लिहिले. जुनी लेखमालाही समग्र वाङ्मयात आहे आणि नवे पुस्तकही.

४. सुधारित आवृत्ती : वाद व माघार

शंभर खंड पूर्ण झाल्यानंतर प्रकाशन विभागाने त्यांची सुधारित आवृत्ती काढण्याचे ठरवले. १९९९ मध्ये संगणकीय तबकडीच्या स्वरूपात आणि त्यानंतर २०००-२००१ च्या सुमारास छापील स्वरूपात ती प्रसिद्ध झाली. हेतू वाईट नव्हता. पुरवणी खंडांतील साहित्य कालक्रमानुसार मुख्य खंडांत समाविष्ट करावे, म्हणजे वाचकाला सलग वाचता येईल, हा विचार सकृद्दर्शनी योग्यच वाटतो.

प्रत्यक्षात मात्र दोन प्रकारचे दोष निर्माण झाले. पहिला दोष रचनेचा. पुरवणी साहित्य मध्ये घातल्यामुळे खंडांचे क्रमांक व पृष्ठे बदलली. चार दशके जगभरच्या अभ्यासकांनी दिलेले संदर्भ नव्या आवृत्तीत जुळेनासे झाले. वर्ध्याच्या कालखंडाच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो, कारण मालेच्या उत्तरार्धात पोहोचेपर्यंत खंडक्रमांकांत अनेक अंकांचे अंतर पडलेले असते. दुसरा दोष अधिक गंभीर होता. मूळ आवृत्तीतील अनेक नोंदी नव्या आवृत्तीत आढळत नव्हत्या आणि त्या का वगळल्या याचा खुलासा कोठेही नव्हता. काय बदलले, कोणी बदलले आणि कोणत्या आधारे बदलले, याची यादी आवृत्तीसोबत दिलेली नव्हती. आवृत्तीला ‘सुधारित’ म्हटले होते. सुधारणांचा तपशील मात्र वाचकाला उपलब्ध नव्हता.

हे दोष सरकारी यंत्रणेने शोधले नाहीत. ते अभ्यासकांनी शोधले. गांधी-वाङ्मयाच्या अभ्यासक दीना पटेल यांनी मूळ व सुधारित पाठांची तुलना करून त्रुटी नोंदवल्या. त्रिदीप सुहृद यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या मुंबईहून निघणाऱ्या नियतकालिकात लेख लिहून हा प्रश्न विद्वज्जगतापुढे मांडला. गांधीविचाराशी संबंधित संस्था व अभ्यासकांनी आवृत्ती मागे घेण्याची मागणी केली. सरकारने समिती नेमली आणि २००५ मध्ये सुधारित आवृत्ती मागे घेण्याचा निर्णय झाला. स्वामिनाथन यांच्या संपादनाखालील मूळ आवृत्ती हीच प्रमाण मानली गेली. तिला आज ‘के. एस. आवृत्ती’ असे संबोधले जाते. साबरमती आश्रमाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या गांधी हेरिटेज पोर्टलवर हीच मूळ आवृत्ती पाहावयास मिळते, आणि तिची प्रमाणित संगणकीय प्रत २०१५ मध्ये प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केली.

या निर्णयाचे स्वागत करतानाच त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. माघारीचा निर्णय झाला, पण तोपर्यंत संगणकीय आवृत्तीच्या प्रती सर्वदूर पसरल्या होत्या. शोध घेण्यास सोपी आणि विनामूल्य असल्याने ती आजही वापरली जाते. एखाद्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत ‘९८ खंड’ किंवा ‘इलेक्ट्रॉनिक बुक, १९९९’ असा उल्लेख असेल, तर लेखकाने मूळ आवृत्ती वापरलेली नाही असे समजावे. त्याहून घोटाळ्याची स्थिती म्हणजे संगणकीय आवृत्तीतील खंड व पृष्ठ देऊन प्रकाशनवर्ष मात्र मूळ आवृत्तीचे लिहिणे. अशा संदर्भाचा माग काढणारा विद्यार्थी ग्रंथालयात तो खंड उघडतो आणि त्याला तेथे दुसऱ्याच वर्षातील मजकूर सापडतो. मागे घेतलेला मजकूर मागे घेतला आहे, ही माहिती त्या मजकुराला चिकटलेली नसली की माघार कागदावरच राहते.

५. नियतकालिकांची प्रचलित पद्धती

विज्ञानाच्या, विशेषतः वैद्यकाच्या, नियतकालिकांना हाच प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावला. चुकीच्या लेखाचा परिणाम तेथे थेट रुग्णावर होतो. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात फेब्रुवारी १९९८ मध्ये गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या बारा मुलांवर आधारित लेख प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये बहुतेक सहलेखकांनी त्यातील निष्कर्षापासून स्वतःला अलग केले. संपूर्ण लेख मागे घेण्यास मात्र फेब्रुवारी २०१० उजाडले. या बारा वर्षांत लसीकरणाविषयीचा अविश्वास अनेक देशांत पसरला.

अशा अनुभवांतून काही संकेत रूढ झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९८४ पासून मागे घेतलेल्या लेखांची आपल्या सूचीत स्वतंत्र नोंद ठेवण्यास आरंभ केला. ब्रिटनमधील संपादकांनी १९९७ मध्ये प्रकाशन-नीतिविषयक समिती स्थापन केली आणि तिने २००९ मध्ये लेख मागे घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार किरकोळ चूक असल्यास शुद्धिपत्र द्यावे. गंभीर शंका आहे पण निर्णय झालेला नाही, अशा वेळी संपादकाने शंका नोंदवणारे निवेदन छापावे. निष्कर्षच विश्वासार्ह राहिले नसतील तर लेख मागे घ्यावा. मागे घेतलेला लेख नाहीसा करू नये, त्यावर ठळक खूण करावी आणि कारण सांगावे. लेख मागे घेण्याचा उद्देश ज्ञानसाठा शुद्ध राखणे हा आहे, लेखकाला शिक्षा करणे हा नव्हे, असे या सूचनांत स्पष्ट केले आहे. राजवाडे व सुखटणकर यांच्या परंपरेशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला यातील तत्त्व नवे वाटणार नाही.

तत्त्व मान्य असले तरी व्यवहारात ते अवघड ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील एका संशोधक गटाचा २००५ मधील लेख ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’ने २००७ मध्ये मागे घेतला. आकृत्यांच्या पुनर्वापराचा आक्षेप त्यामागे होता. संस्थेच्या वतीने नेमलेल्या तज्ज्ञ समितीला फेरफार आढळला नाही. विज्ञानमूल्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने उलट मत दिले. आणि २०१० मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने संबंधित शास्त्रज्ञास आपल्या उपक्रमांपासून तीन वर्षे दूर ठेवले. एकाच लेखाविषयी चार ठिकाणी विचार झाला आणि एकवाक्यता झाली नाही. अशा प्रकरणांची चौकशी करणारी, सर्वांना मान्य अशी स्वतंत्र यंत्रणा देशात नसल्याची उणीव या प्रकरणाने दाखवून दिली.

दरम्यान या समस्येचा आकार वाढला. २०२३ या एकाच वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक शोधलेख मागे घेतले गेले. त्यांतील बहुसंख्य एकाच प्रकाशनसमूहाच्या नियतकालिकांतील होते.

६. अनुदान आयोगाचे नियम आणि महाविद्यालयीन नियतकालिके

भारतातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने प्रकाशनाला वेगळे महत्त्व आले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनंतर. पदोन्नतीसाठी लेखांना गुण मिळू लागले. मागणी वाढली तसा पुरवठाही वाढला, आणि शुल्क घेऊन कोणताही लेख छापणारी नियतकालिके निघाली. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या आणि तपशीलवार तपासलेल्या १००९ नियतकालिकांपैकी केवळ ११२ निकषांना उतरली. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे पुणे विद्यापीठाच्या सहभागाने ‘केअर’ यादी तयार झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून गुणवत्ता ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

वाङ्मयचौर्यासंबंधी आयोगाने २०१८ मध्ये स्वतंत्र विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य. त्यापुढे चाळीस, साठ व साठांहून अधिक टक्के अशा पायऱ्या. आणि त्यांनुसार लेख मागे घेण्यास सांगणे, वेतनवाढ रोखणे, दोन किंवा तीन वर्षे मार्गदर्शक म्हणून काम करण्यास मनाई अशा शिक्षा त्यांत आहेत. या विनियमांचा रोख लेखकावर आहे. ज्या नियतकालिकाने तो लेख छापला, त्याने वाचकांना काय कळवावे, छापील अंकात नोंद कशी करावी, याविषयी तेथे मार्गदर्शन मिळत नाही. शिवाय टक्केवारीने शब्दांचे साम्य मोजता येते. चुकीचा सनावळीचा दाखला, न पाहिलेल्या साधनाचा संदर्भ किंवा मागे घेतलेल्या आवृत्तीवर आधारलेले अवतरण संगणकाच्या तपासणीत सापडत नाही. मराठी लेखनाचा मोठा भाग अद्याप संगणकीय स्वरूपात उपलब्ध नसल्याने जुन्या मराठी ग्रंथांतून उचललेला मजकूरही बहुधा निसटतो.

२०२५ मध्ये राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत मागे घेतलेल्या लेखांबद्दल गुण वजा करण्याची पद्धत आली. गैरप्रकारांना आळा घालण्याचा हेतू यात आहे. तथापि प्रामाणिक चूक स्वतःहून कबूल करून लेख मागे घेणारा अध्यापक आणि लबाडी उघडकीस आल्यामुळे ज्याचा लेख मागे घेतला गेला तो अध्यापक, यांत भेद न केल्यास चूक लपवण्याची प्रवृत्तीच बळावेल. संस्थेची प्रतिष्ठा राखण्यासाठी मौन पाळले जाईल आणि चुकीचा मजकूर वाचला जातच राहील.

महाविद्यालयीन नियतकालिकांच्या काही अडचणी वास्तविक आहेत. संपादक मंडळ दरवर्षी बदलते, अंक मर्यादित प्रतींत निघतो, लेखक बहुधा सहकारीच असतो. सहकाऱ्याच्या लेखातील दोष छापणे संकोचाचे वाटते. परंतु स्थानिक इतिहासाच्या बाबतीत या नियतकालिकांची जबाबदारी इतरांहून मोठी आहे. १९४२ चे आष्टीचे आंदोलन, मगनवाडीतील प्रयोग, नई तालीमच्या शाळा किंवा जिल्ह्यातील सहकारी संस्था यांवर लिहिलेला लेख अनेकदा त्या विषयावरील एकमेव छापील लेख असतो. त्यातील चुकीची तारीख तपासणारा दुसरा ग्रंथ नसतो. ती तारीख स्मरणिकेत जाते, तेथून पाठ्यपुस्तकाच्या पूरक वाचनात आणि तेथून स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नसंचात.

७. निष्कर्ष

गांधी-वाङ्मयाच्या प्रकरणातून असे दिसते की, मूळ मजकूर बाजूला सारून, कारण न सांगता केलेली सुधारणा ही स्वतःच एक चूक ठरते. पुरवणी खंडांची गैरसोय पत्करणारे स्वामिनाथन यांचे संपादन अधिक विश्वसनीय ठरले, कारण त्यातील प्रत्येक हस्तक्षेप वाचकाला दिसतो. या विवेचनावरून महाविद्यालयीन नियतकालिकांसाठी पुढील बाबी सुचवता येतील.

१) प्रत्येक अंकात शुद्धिपत्रासाठी ठरलेली जागा असावी. त्यात मूळ अंक, पृष्ठ, चुकीचा मजकूर, योग्य मजकूर आणि दुरुस्तीचा आधार द्यावा.

२) मागे घेतलेला लेख संकेतस्थळावरून काढून टाकू नये, त्याच्या प्रत्येक पृष्ठावर तशी खूण करावी. ग्रंथालयातील बांधीव अंकातही ग्रंथपालाने त्या लेखाच्या पहिल्या पानावर सूचनेची चिठ्ठी डकवावी, कारण पुढच्या अंकातील निवेदन मागचा अंक उघडणाऱ्या वाचकाला दिसत नाही.

३) निवेदनात कारण स्पष्ट लिहावे. प्रामाणिक चूक आणि गैरवर्तन यांत भेद करावा. स्वतःहून चूक कळवणाऱ्या लेखकाची तशी नोंद घ्यावी.

४) आक्षेप घेणाऱ्याचे पत्र आणि लेखकाचे उत्तर शक्यतो एकाच अंकात छापावे. उत्तरासाठी मुदत ठरवावी आणि लेखकाशी निकटचा संबंध असलेल्या संपादकाने त्या निर्णयातून दूर राहावे.

५) गांधी-वाङ्मयातील संदर्भ देताना आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख अनिवार्य करावा. संगणकीय आवृत्तीवरून घेतलेले अवतरण छपाईपूर्वी मूळ आवृत्तीशी ताडून पाहावे.

यांपैकी कोणत्याही उपायासाठी मोठ्या निधीची किंवा नव्या कायद्याची आवश्यकता नाही. शंभर खंडांची आवृत्ती मागे घेण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला, तो दोन पाठ शेजारी ठेवून वाचणाऱ्या मोजक्या अभ्यासकांच्या परिश्रमामुळे. तसे वाचणारे अध्यापक प्रत्येक महाविद्यालयात असतात. त्यांना सापडलेली चूक छापण्याची तयारी नियतकालिकाने ठेवली, तर जिल्ह्याच्या इतिहासाची साधने पुढच्या पिढीच्या हाती अधिक निर्दोष स्वरूपात जातील.